कुरकुरणारा नमुना

"वाचनालयाचं कंत्राट खिशात आहे असंच समज," सल्लागार टाय आवळत बायकोला म्हणाला. "मी हात घातलेलं काम आजवर फसलेलं नाही."

हे खरं होतं. आजवर त्याने एकाच कामात हात घातला होता. साबण करणाऱ्या एका महिला संस्थेला त्याने गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे त्याची सख्खी मावशी होती. मावशी अजून त्याचा फोन उचलत नाही.

जगात चांगलं काम करणारे पुष्कळ, पण त्यांना ते विकता येत नाही. अशांच्या आणि गिऱ्हाइकांच्या मधे उभं राहून बोलायचं, हा सल्लागाराचा धंदा. या वेळी मात्र काम घरचं होतं. त्याच्या धाकट्या मेव्हणीचा खुर्च्यांचा कारखाना होता. मेव्हणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिच्याकडच्या सुतारांचंही तसंच. कुणी कामावर घेईना, तेव्हा त्या सगळ्यांनी मिळून हा कारखाना काढला होता. खुर्च्या अशा भक्कम की खुशाल हत्ती बसवा. पण हत्ती खुर्च्या विकत घेत नाहीत, आणि जी शाळा घ्यायची ती प्लास्टिकवर गेली होती. या महिन्यात मोठं काम मिळालं नाही, तर यंत्रं विकायची आणि सगळ्यांनी गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला जायचं, असं मेव्हणीने बहिणीला हातांनी सांगितलं होतं. सांगताना तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते.

सल्लागार महिनाभर कारखान्यात जाऊन उभ्याने भाषणं देत होता. बायको ती खुणांत सांगायची. भाषण अर्धा तास चाललं तरी तिला चार खुणा पुरायच्या. शेवटी त्याने जाहिरातीचं वाक्य तयार केलं: टिकाऊ, देखणी आणि शांत खुर्ची. टिकाऊ आणि देखणी हे सुतारांचं म्हणणं होतं. 'शांत' हे त्याने पदरचं घातलं, वाचनालय आहे म्हणून.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी चष्मा साखळीला सोडला आणि नमुन्याच्या खुर्चीवर टेकल्या. खुर्ची आधी गंजलेल्या फाटकासारखी करकरली, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळली. वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. वर्तमानपत्राखाली झोपलेले एक आजोबा दचकून "आलो, आलो" म्हणाले. बाई उठल्या, तेव्हा खुर्चीने तोच राग उलटा आळवला.

"नवीन आहे, रुळेल," सल्लागार म्हणाला.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ते त्याच्यासाठी होतं की खुर्चीसाठी, हे कळलं नाही. दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

परत जाताना गाडीच्या मागच्या सीटवर खुर्ची प्रत्येक खड्ड्याला कुरकुरत होती. सोबत आलेल्या बायकोने सगळा प्रकार पाहिला होता. ती सावकाश म्हणाली, "अहो, त्या कारखान्यात रोज जाणारा, कान असलेला माणूस तुम्ही एकटेच. एकदा बसून बघायचं होतं."

"मी उभ्याने बोलतो."

"तेच तर. मी ऑफिस सुटल्यावर येते, तोवर तुमचं सुरू झालेलं असतं. त्यात खुर्चीला कोण ऐकणार?"

कारखान्यात तिने झालेला प्रकार हातांनी सांगितला, फाटक आणि मांजर दोन्ही करून दाखवली. सुतार पोट धरधरून हसले. सगळ्यात म्हातारा सुतार तर भुशात बसला. मेव्हणी तेवढी हसली नाही. तिने खुर्चीवर बहिणीला बसवलं, बैठकीखाली तळहात लावला आणि खालच्या सांध्याशी येऊन थांबली. भाऊजींनी आधीच का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. त्यावर भाऊजींनी बाजारपेठेच्या बदलत्या गरजांवर उत्तर दिलं. त्याच्या शेवटी मात्र बजावून सांगितलं, की यापुढे खुर्चीतून हूं की चूं येता कामा नये. बायकोने हे भाषांतर अगदी शब्दशः केलं.

दुसऱ्याच दिवशी नगरसभेत भेट ठरली होती आणि दुरुस्त केलेली एकही खुर्ची तयार नव्हती. सल्लागार तोच नमुना घेऊन गेला, सभापतींना त्यावर बसू द्यायचं नाही असं ठरवून. त्याने खुर्ची उचलून दाखवली, उलटी करून दाखवली, तिच्यावर हात टेकून टिकाऊपणावर बोलला. सभापती बोजड देहाचे आणि वैतागलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. भाषण संपेना, तेव्हा ते कंटाळून सरळ बसलेच. खुर्ची किंचाळली. ते उठले. ती पुन्हा किंचाळली. सभापतींच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. नगरसभेचे सदस्य हजेरीची सही करायचे आणि सभापतींनी कागदात मान घातली की वाकून मागच्या दाराने पसार व्हायचे.

"याच आवाजाच्या साठ पाहिजेत," सभापती म्हणाले. "उठला की कळलं पाहिजे. पुढच्या सभेला लावून टाका, तिथेच मंजुरी देऊ. हा नमुना माझ्याकडे राहू दे."

सल्लागार जमिनीपासून चार बोटं वर चालत घरी आला. खरं सांगायचं तर कंत्राट खुर्चीच्या खोडीने मिळालं होतं, पण असं खरं सांगून कुणाचं भलं झालंय? बायकोला त्याने सांगितलं, की सभापती भाषणावर खूश झाले आणि खुर्चीचा आवाजही त्यांनी मनावर घेतला नाही. शेजाऱ्यांना सांगताना आवाज जरासा झाला. कारखान्यात सांगेपर्यंत गोष्टीतून आवाज पार गेला होता, भाषण तेवढं उरलं होतं. मग इतर संस्थांनी त्याला 'कंत्राट कसं जिंकावं' यावर बोलायला बोलावलं आणि तो तिकडे गुंतला.

इकडे सुतारांनी रात्रीचा दिवस केला. सांधे उकलले, घासले, सरस लावून पुन्हा बसवले. बायको रोज ऑफिस सुटलं की जायची आणि तयार खुर्च्यांवर एकेक करून बसायची-उठायची. ती कान देई, मेव्हणी खाली तळहात धरी. दोघींचं एकमत झालं तरच खुर्ची पास.

सभेच्या दिवशी साठ खुर्च्या लागल्या. सभापती आपल्या नमुन्यावर करकरत बसले, खूण केली, सदस्य बसले. काहीही ऐकू आलं नाही. सल्लागाराने टाय सैल केला. सभापतींनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदात मान घातली. गटारांचा विषय झाला, दिव्यांचा झाला. खुर्च्यांच्या मंजुरीचा विषय शेवटचा होता. तो वाचायला सभापतींनी मान वर केली, तेव्हा सभागृहात ते, सल्लागार आणि झोप लागलेला एक सदस्य एवढेच उरले होते. गणसंख्येअभावी विषय तहकूब झाला आणि 'असल्या मुक्या खुर्च्या' त्याच दिवशी हलवायचा हुकूम निघाला. नमुन्यासकट.

टेम्पोजवळ मेव्हणी बहिणीच्या हातांकडे बघत सगळं समजून घेत होती. यंत्रं विकायची का, असं तिने विचारलं. सल्लागाराने बोलायला तोंड उघडलं.

"तुम्ही टेम्पोतच थांबा," बायको म्हणाली. "वाचनालय वाटेवरच आहे."

मेव्हणी एक खुर्ची काखोटीला मारून आत गेली. ग्रंथपालबाईंसमोर ती धपकन बसली, उठली, पुन्हा बसली. वर्तमानपत्राखालचे आजोबा घोरत राहिले. मग बाईंनी बसून पाहिलं. त्यांनी साठच्या साठ खुर्च्या ठेवून घेतल्या आणि पुढच्या वर्षीच्या टेबलांचंही विचारलं. मेव्हणीचे हात भराभर चालू लागले ते थांबेचनात. बायकोला डोळे पुसायला दोनदा चष्मा काढावा लागला.

आपलाही हातभार लागावा म्हणून सल्लागाराने एका शब्दानेही न बोलता टेम्पोतली एकूणएक खुर्ची स्वतः उतरवली आणि वाचनकक्षात ओळीने लावली.

नमुनाही त्यानेच लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंनी नेमकी तीच खुर्ची आपल्या टेबलाशी ओढून घेतली.