गळ्यावरच्या जांभळ्या रेषा

तुम्ही तिचा उपचार मधेच तोडलात. हो, तुम्हालाच म्हणते आहे मी. एका पानाचा आदेश काढलात, खाली सही ठोकलीत आणि पुढच्या कागदाकडे वळलात. तो आदेश इथे तळमजल्यावर कुणाच्या अंगावर येऊन पडला, ते बघायला तुमच्यापैकी एकजणसुद्धा जिना उतरून आला नाही.

मित्रांनो, दचकू नका. हे तुम्हाला नव्हतं, वर बसून आदेश काढणाऱ्यांना होतं. तुम्हाला मी माझी गोष्ट सांगणार आहे, आणि ती नीट, पहिल्यापासून सांगणार आहे.

मी एक जुनी मशीन आहे. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणारी. माझ्या डोक्यात शिशाच्या जाड कवचाआड कोबाल्ट नावाच्या धातूचा एक तुकडा आहे, तुमच्या अंगठ्याएवढा. त्यातून निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते नेमके गाठीवर पडले तर गाठ विरघळते. बोटभर बाजूला पडले तर चांगलं मांस जळतं. म्हणून माझ्या धंद्यात ताकदीपेक्षा नेम मोठा.

मला इथे आणलं तेव्हा दारातून मी मावेना. भिंत फोडली, मला आत घेतलं आणि भिंत पुन्हा बांधली, दोन हात जाड. म्हणजे मी या खोलीतून जिवंत बाहेर पडणार नाही हे तेव्हाच ठरलं. पण त्याचं दुःख नव्हतं. केवढं कौतुक झालं माझं! साहेब लोकांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. रोज साठ साठ माणसं यायची, दोन मिनिटं माझ्याखाली आडवी पडायची आणि उठून जायची. काही वर्षांनी त्यातलीच कुणी नुसती भेटायला यायची, लेकीला बरोबर घेऊन. "ही बघ, हिनं वाचवलं मला." मला तोंड नाही, नाहीतर लाजले असते.

पण कोबाल्टचा तुकडा झिजतो, मित्रांनो. पाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. दोन मिनिटांच्या कामाला मग चार मिनिटं लागतात, पुढे सहा. रांग लांबत जाते. मला चालवणाऱ्या दादांनी नवा तुकडा मागितला. वरून उत्तर आलं, नवी मशीन येणार आहे, जुनीवर खर्च करू नये. नव्या मशीनची खोली बांधून तयार आहे. तिला कुलूप आहे. आत झाडू ठेवतात.

दादा मला म्हातारी म्हणतात. "चल म्हातारे, कामाला लाग," असं म्हणून रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारतात. नोकरी लागल्यापासून ते माझ्याच खोलीत आहेत. त्यांचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

शिवणकाकू आल्या त्या अशाच एका सकाळी, धाकट्या जावेला बरोबर घेऊन. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्या पुढच्या खोलीत. गळ्यात, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी गाठ. आवाज बसलेला. पण बसलेल्या आवाजातही जीभ कात्रीसारखी.

"दादा, आयुष्यभर लोकांचे गळे कापले मी. ब्लाउजचे. आता माझ्याच गळ्यावर आलंय बघा."

"जाऊबाई, गप बसा. डॉक्टरबाईंनी बोलू नका म्हटलंय," धाकटी म्हणाली.

"अगं, मी गप बसले तर तुलाच करमायचं नाही."

आखणीचा फोटो काढून झाल्यावर दादांनी त्यावरून जांभळ्या शाईने त्यांच्या गळ्यावर चौकोन आखला. किरण त्या चौकोनातच पडायला हवेत म्हणून. काकूंनी आरशात बघितलं आणि नाक मुरडलं.

"ही रेषा म्हणायची? खडू धरला होता की खराटा?"

दादा हसले. मग गंभीर झाले. "काकू, पस्तीस दिवस. आठवड्याचे पाच दिवस रोज यायचं. रोज म्हणजे रोज. आणि ही रेषा जपायची. साबण लावायचा नाही, घासायचं नाही. रेषा गेली तर सगळं गेलं."

"गिऱ्हाईकाच्या कापडावरची खूण मी कधी पुसू दिली नाही. ही तर माझ्या अंगावरची आहे."

काकूंचा सगळा उपचार सरकारी योजनेतून फुकट होता. हेही सांगायला हवं. योजना नसती तर काकू माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या, घरात बसून गेल्या असत्या. योजनेला मी नावं ठेवत नाही.

एकोणीस दिवस काकू आल्या. गळ्याची कातडी काळवंडली, घास गिळवेना, पण गाठ सुपारीची शेंगदाण्यावर आली. डॉक्टरबाई बोटांनी चाचपून म्हणाल्या, "छान. आता खंड पडू देऊ नका. मधे थांबलं की उरलेली गाठ दुप्पट जोरानं उठते." मित्रांनो, हे एवढं लक्षात ठेवा. मधे थांबायचं नसतं.

विसाव्या दिवशी सोमवार होता. माझ्या दारासमोरच योजनेची खिडकी आहे. तिथला कारकून काकूंचं कार्ड उलटंसुलटं करत म्हणाला, "काकू, सिस्टीममध्ये तुम्ही दिसतच नाही."

"अहो, ती काय समोर उभी आहे!" धाकटी जाऊ म्हणाली. "तुमच्या सिस्टीमला चष्मा लावा."

"नवा आदेश आलाय. एक तारखेपासून जुन्या सगळ्या मंजुऱ्या रद्द. सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचा."

"पण हिचा उपचार चालू आहे. अर्धा झालाय."

"अर्ध्यावाल्यांचं आदेशात काही लिहिलेलं नाही." तो वाईट माणूस नव्हता. त्याने त्याच दिवशी अर्ज भरून दिला. डॉक्टरबाईंनी तातडीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'विचाराधीन'.

दादा मनात आणते तर किल्ली फिरवून काकूंना घेऊ शकले असते. मला मंजुरीचा नंबर लागत नाही, किल्ली लागते. पण मागच्या वर्षी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांनी असंच दोन दिवस बिननंबराचं घेतलं होतं, तेव्हा त्यांना नोटीस मिळाली होती. पुन्हा झालं तर निलंबन. त्या सोमवारी ते किल्ली मुठीत धरून दारात उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "काकू, मंजुरी आली की मीच फोन करतो." मी त्यांना दोष देत नाही. पण ती मूठ मी बघितली आहे.

तीन आठवडे गेले. काकूंची वेळ दादांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही; रोज त्या वेळेला माझ्याखालचं टेबल रिकामं राही.

तिकडे घरी, धाकट्या जावेने नंतर सांगितलं तसं, काकूंच्या गळ्यावरच्या रेषा पुसट होऊ लागल्या. औषधी शाई ती, तीन आठवडे कुठून टिकणार? काकू घाबरल्या. रेषा गेली तर सगळं गेलं, असं दादा म्हणाले होते ना! मग त्यांनी आरशासमोर बसून पेनने ती गिरवली. पुन्हा पुसट झाली, पुन्हा गिरवली. आणि हात पडला शिंपिणीचा. कापड कमी पडू नये म्हणून खुणेच्या बाहेर अर्धा इंच जास्तीचं सोडायचं, त्याला त्या लोकांत माया म्हणतात. तीस वर्षं ज्या हाताने प्रत्येक गळ्याला, प्रत्येक काखेला माया सोडली, त्या हाताने स्वतःच्या गळ्यालाही सोडली. किरण कमी पडायला नकोत म्हणून. प्रत्येक वेळी थोडी थोडी.

अखेर मंजुरी आली. दादांनी फोन केला. काकू टेबलावर आडव्या झाल्या, पदर बाजूला केला आणि कुजबुजल्या, "बघा दादा, कशी जपलीय."

इतकी सुंदर रेषा माझ्याखाली कधी आली नव्हती. एकसारखी, कुठे थरथर नाही. दादांनी पट्टी लावली. दीड इंचाचा फरक. या रेषेवर किरण सोडले तर पाठीच्या कण्यातली मुख्य नसच जळाली असती. हनुवटीपासूनची जुनी मापं दादांच्या वहीत होती. तीही त्यांनी लावून बघितली. पण मधल्या दिवसांत काकू निम्म्या झाल्या होत्या आणि गाठ पुन्हा सुपारीच्या पुढे जाऊन खाली सरकली होती. वहीतली मापं दुसऱ्याच कुणाच्या गळ्याची वाटत होती.

"फोटो काढून आखणी नव्यानं करावी लागेल," दादा म्हणाले.

आखणीच्या फोटोचा विभाग कंत्राटावर दिलेला आहे. तिथला माणूस म्हणाला, योजनेत एका पेशंटला आखणी एकदाच. दुसऱ्यांदा हवी तर वेगळी मंजुरी. पुन्हा खिडकी, पुन्हा अर्ज, त्यात रेषा कशी सरकली त्याचं कारण, पुन्हा 'विचाराधीन'. बारा दिवस. तेराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी गळा चाचपला आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. मग माझ्या खोलीकडे न बघता म्हणाल्या, "आता किरणांचा उपयोग नाही. दुखू नये एवढं बघू."

गोष्ट इथेच संपली असती, तर मी नुसती रडले असते. पण काकूंची केस बंद करताना कागदावर कारण लिहावं लागतं. वरून छापून आलेल्या कागदावर एक ओळ होती. धाकट्या जावेने ती माझ्या दाराबाहेर उभं राहून मोठ्याने वाचली, आणि वाचल्यावर तिला कळलं की मोठ्याने वाचायला नको होती. 'रुग्णाने खुणांमध्ये फेरफार केल्यामुळे उपचार अपूर्ण.'

काकूंचा आवाज तोवर पुरता गेला होता. त्यांनी जावेच्या हातातून तो कागद घेतला, पाठीमागे पेनने लिहिलं आणि दादांपुढे धरला. 'माझ्यामुळेच झालं ना?'

"नाही काकू. नाही हो. अजिबात नाही," दादा म्हणत राहिले. काकूंनी त्यांच्या हातावर थोपटलं. आपली समजूत घालायला कुणी गोड खोटं बोललं की आपण थोपटतो, तसं. महिन्याभरात त्या गेल्या. ते मनात घेऊनच गेल्या. धाकटी जाऊ पुढे एकदा येऊन दादांना सांगून गेली की दुकानात शिवायचं राहिलेलं कापड गिऱ्हाइकांनी परत नेलं, आणि शेवटच्या दिवसांत जाऊबाई आरसा पालथा करून ठेवायला सांगत होत्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी मोठ्या खुर्चीवर बसेल. एक तारखेपासून अमुक बंद, तमुक सुरू, असं लिहायची वेळ तुमच्यावरही येईल. सही करण्याआधी एकच विचारा. या क्षणी टेबलावर कोण आडवं पडलंय? त्याचे किती दिवस झालेत आणि किती राहिलेत? ते आधी पुरे होऊ द्या. मग खुशाल बदला नियम. माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशिनीला तेल नाही घातलंत तरी चालेल. माणूस अर्ध्यावर सोडू नका.

आणि आता तुम्ही. त्या सोमवारी सकाळी मी चालू होते. दादा हजर होते. काकू नऊच्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या गळ्यावरची रेषा दादांनी आखली तशीच, जिथल्या तिथे होती. आम्ही तिघंही तिथे होतो. तर मग ती ओळ खोडा, आणि कारणाच्या रकान्यात कारण लिहा. त्या सोमवारी तिचा उपचार कुणी थांबवला? नाव घालून लिहा. मला उत्तर पाहिजे.