बर्फाखालची इंजेक्शनं

मित्रांनो, लाल रंगाचा, रुंद तोंडाचा एक जुना थर्मास आहे मी. कारखान्यात मला वाटलं होतं, आपल्या पोटात आइस्क्रीम राहणार. पण कल्याणच्या बाजारातून प्रीतीने मला घेतलं ते इंजेक्शनांसाठी.

प्रीती आणि रत्नदीपच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ठाण्याच्या जागृती डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की शरीरात हार्मोन नावाचे निरोपे असतात आणि तिचे निरोपे वेळेवर पोहोचत नाहीत. त्यासाठी बारा दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि ती सगळी थंड ठेवायची होती.

रत्नदीपला घोडबंदर रोडच्या ऑफिसातून रजा मिळेना. प्रीती एकटीच ठाण्याला गेली आणि मला मांडीवर घट्ट धरून परतली. सासूबाईंना, कांताबाईंना, तिने काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून फ्रिज असूनही मी तिच्या कपाटात, साड्यांमागे राहिलो. रोज ती माझ्यातला बर्फ बदलायची, दार लावून पोटात सुई टोचून घ्यायची. रडणं बाहेर जाऊ नये म्हणून पंखा मोठा करायची. ते ऐकणारा मी एकटाच.

आठव्या दिवशी ती कामावर असताना कांताबाईंनी कपाट आवरायला काढलं. साड्या भिजतील म्हणून त्यांनी माझ्यातलं पाणी ओतून दिलं आणि ओली झालेली औषधं सुकायला खिडकीत ठेवली. दिवसभर ती उन्हात तापली.

संध्याकाळी घरी आल्यावर प्रीतीने ती खिडकीत पाहिली; औषध वाया गेलं होतं. मग तिने सगळं सांगितलं.

"मला का नाही बोललीस?" कांताबाईंनी विचारलं.

"तुम्ही पण रोज विचारलं असतं आई, झालं का काही म्हणून."

कांताबाईंनी ती औषधं खिडकीतून उचलली. मग म्हणाल्या, "हो गं. विचारलं असतं."

तो महिना वाया गेला. पुढच्या वेळी कांताबाईंनी फ्रिजचा एक कप्पा रिकामा केला. ठाण्याला त्याही गेल्या आणि येताना मी त्यांच्या मांडीवर होतो.

तरीही दिवस राहिले नाहीत. प्रीती म्हणाली, आता बास. कांताबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि माळ्यावर ठेवलं. त्याला चार वर्षं झाली. खाली दोघी चहा पितात, बोलतात. मला कोणी उघडत नाही. एकटं वाटतं.

पण मला खाली काढा, असं मी म्हणणार नाही; दुःख लपवायला आता त्या घरात माझी गरज नाही, हेच बरं. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मनातलं दुःख लपवून वावरत असेल, तर त्याला प्रश्न विचारू नका. नुसते जवळ जाऊन बसा.