धुऊन दिलेली गाडी

"या कांद्याला डिझेलचा वास येतोय," सासू पुटपुटली. "खाणारा काय म्हणेल?"

"खाणारा सोलून खाईल, आई. तुम्ही सडका तेवढा बाजूला टाका," सून म्हणाली.

पत्र्याच्या शेडखाली जिथं गाडी उभी असायची, तिथं आता कांदा पसरला होता. ऊन मी म्हणत होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. सासू-सून निवडत होत्या, सकाळीच सासरहून आलेली नणंदही पदर खोचून त्यांच्यात बसली होती. सुनेचा नवरा पोती शिवत होता.

"एक बरं झालं, वहिनी," नणंद म्हणाली. "गाडी गेली, पण कटकटही गेली. दादा आता तरी सुखानं झोपत असेल."

नवऱ्याच्या हातातलं दाभण पोत्यातच थांबलं. सासूनं उगाच एका कोंबडीला हाकललं.

झोप कसली! हप्ते थकले तेव्हा फायनान्सवाल्यांशी त्यानं वादसुद्धा घातला नव्हता. उलट चांगला भाव यावा म्हणून गाडी घासून धुतली, सीटखालची माती बोटानं उकरून काढली आणि किल्ली स्वतःहून हातात ठेवली. गाडी गेली की फिटंफाट, असं त्याला वाटलं. घरात सगळ्यांनाच वाटलं. पण गाडी लिलावात मातीमोल गेली आणि उरलेलं कर्ज मानगुटीवर बसलं. तो ऑफिसात जाऊन हात जोडून आला. साहेब म्हणाला, "तुमच्याकडून निघत नसेल तर जामीनदार आहेच की. पगारदार माणूस आहे. या महिन्यापासून तिकडून घेऊ."

जामीनदार म्हणजे नणंदेचा नवरा. शाळेत शिपाई. मेहुण्याच्या शब्दाखातर डोळे झाकून सही केलेला.

"यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय," नणंद सांगत होती. "पगार झाला की लगेच. घड्याळ दिसत नाही हो त्यांना. परवा शाळा सुटायची घंटा तासभर आधीच देऊन टाकली. पोरं खूश, हेडमास्तर लाल!"

सगळे हसले. सासू तर इतकी हसली की डोळे पुसू लागली.

"आई, रडतेस होय?"

"कांदा गं, कांदा."

"निवडताना कुठं कांदा लागतो? चिरत थोडीच आहेस?" नणंदेचं हसू मावळलं. "दादा, काय झालंय?"

"पोती कमी पडतील. घेऊन येतो," म्हणत तो उठून निघालाच. पोत्यांचा ढीग त्याच्या मागंच होता.

"मी चहा टाकते," म्हणून सासूही गुडघ्यावर हात रोवून उठली.

नणंदेसमोर सून एकटी उरली. हिला आज अशीच परत पाठवली, तर पगाराच्या दिवशी हिच्या नवऱ्याला चारचौघांत कळणार. आणि सांगावं, तर नणंदेचं माहेरच तुटायचं. तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले आणि नणंदेचं मनगट घट्ट धरलं.

"वन्सं, गाडी गेली, कर्ज नाही गेलं. भावोजी जामीन आहेत. ते लोक आता त्यांच्या पगारातून कापून घेणार. याच महिन्यापासून."