आजोबांनी टाकलेला शब्द

आमच्या आजोबांनी, म्हणजे सहदेव पारकरांनी, गिरणीत असताना गावाकडच्या वाडीतली बावीस माणसं कामाला लावली. तेव्हा अर्जबिर्ज नव्हते. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, जुना माणूस कामगार भरणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायचा, की कोकणातून आलेला पोरगा गैरहजर कामगाराच्या जागी बदलीवर उभा. पोरगा नालायक निघाला तर शब्द टाकणाऱ्याला मान खाली घालावी लागे. आजोबांना ती एकदाही घालावी लागली नव्हती, आणि हे ते दहिसरच्या आमच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. गॅसवाल्यालासुद्धा.

त्यामुळे मला घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम लागल्याचं कळल्यावर त्यांनी पगार विचारलाच नाही.

"गो जान्हवी, थंय आणखी पोरां घेतत काय?"

मी कंपनीच्या माणसाला चॅटवर विचारलं. लगेच उत्तर आलं, हवी तेवढी पाठवा. इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. ना मुलाखत, ना साधा फोन. पण आठ महिने बेकार बसलं की अक्कल गहाण पडते.

रविवारी वाडीच्या मुंबईतल्या मंडळाची सभा होती. आजोबा उभे राहून म्हणाले, "आमच्या जान्हवीच्या कंपनीत जागा आसत. मी शब्द देतंय." त्याच दिवशी चार मुलींनी अर्ज पाठवले.

मंगळवारी मला निरोप आला. लॅपटॉप पाठवतोय, साडेतीन हजार अनामत भरा, पहिल्या पगारात परत. काम देणारा उलट आपल्याकडेच पैसे मागतो? मी कंपनीची खरी वेबसाइट शोधून तिथल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाई कंटाळलेल्या होत्या. "आमचं नाव वापरून कोणीतरी फसवतंय. आज तुमचा तिसरा फोन."

चौघींना फोन लावले. तिघी वाचल्या. मानसीने सकाळीच पैसे भरले होते.

"डाउट मला पण आला होता गं," ती म्हणाली. "पण सहदेवआजोबांनी सांगितलंय म्हटल्यावर काय विचारायचं?"

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०वर, तक्रार नोंदवली. पैसे तोवर पुढे गेले होते. आजोबा स्वतःचे पैसे घेऊन मानसीकडे गेले. तिच्या आईने चहा दिला, पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं. पुढच्या सभेत आजोबा उभे राहिले, "माझा चुकला" एवढंच म्हणाले आणि बसले. त्यानंतर ते सभेला गेले नाहीत, आणि गॅसवाल्यालाही काही ऐकवलं नाही. मला स्वतःचाच राग येत होता.

तीन महिन्यांनी मला खरं काम मिळालं. दोन मुलाखती, नमुन्याचं काम, सहीचा करार, एक पैसा कोणी मागितला नाही. महिन्याभरात कंपनीनेच विचारलं, ओळखीचं कोणी आहे का? मी आजोबांना सांगितलं.

"पैसे मागतत?"

"नाही."

"हापिस बघलंस?"

"कांदिवलीला. दोनदा जाऊन आले."

"मग मानसीक सांग." मी नंबर लावत होते तेवढ्यात ते म्हणाले, "माझा नाव नको घालू."

फोन स्पीकरवर होता. मानसीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा काय म्हणतात? ते हो म्हणत असतील तर मी आत्ता अर्ज करते."

आजोबांनी मान खाली घातली.