नाथाकाकांचा कावळा

उल्हास नदीच्या घाटावर त्या सकाळी एवढी माणसं होती की पिंडाजवळ जायला वाट नव्हती. नाथाकाकांचा दहावा होता. दहाव्याला गर्दी व्हावी असा तो माणूस होताही, पण निम्मी गर्दी त्यांच्यासाठी नव्हती. ती आली होती भगवानशेठच्या पांढऱ्या गाडीमागून, आणि त्या गाडीतून उतरलेल्या बाळाजीबुवांसाठी.

मी पद्मजा. बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. १९९० सालच्या त्या हिवाळ्यात मी बेलवलीला नाथाकाकांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते. नाथाकाका छातीच्या दुखण्याने गेले. मागे राहिल्या त्यांची बायको बनूबाई आणि उल्हासनगरच्या एका वर्कशॉपात काम करणारा मुलगा पदू.

पदूने पिंड मांडले आणि सगळे मागे सरले. कावळा काही येईना. येईना म्हणजे काय, घाटावर कावळाच नव्हता. एरवी जिथे हातातलं सुद्धा ओढून नेतात, तिथे एक काव ऐकू येत नव्हती. धुणं धुणाऱ्या बायका कुजबुजल्या, की उजाडताना याच झाडावर कावळ्यांचा नुसता कालवा उठला होता, आणि मग एकदम सगळे गप्प होऊन निघून गेले. ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. वर करंजाचं गर्द झाड, खाली भाताचे पांढरे गोळे आणि आजूबाजूला ती शांतता.

"बाबा, आईला अंतर देणार नाय," पदू हात जोडून म्हणाला. कावळा नाही. "बाबा, घरावरचे पत्रे बदलीन." नाही. "बाबा, दारू शिवणार नाय." हेही नाही. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. कावळा शिवलाच नाही तर गवताचा कावळा शिववून मोकळं व्हायचं, ही जुनीच सोय आहे.

तेवढ्यात बाळाजीबुवा पुढे झाले. भगवी कफनी, डोळ्यांत काजळ, हातात पितळी घंटा. "दर्भ नको! आत्म्याला फसवता? आत्मा अटक गया है, माउली! आत्मा अडकलाय! पितरांची व्हायब्रेशन मला इथे, इथे लागतायत," असं म्हणून त्यांनी स्वतःची टाळू चाचपली. मग डोळे मिटून घुमले. "राजकारणात काही राहिलं... कुणावर तरी अन्याय केला जिवंतपणी... भ... भग..."

"भगवानशेठ!" गर्दीतून कोणीतरी तत्परतेने मदत केली.

"बोल बाळा," बुवा पदूला म्हणाले, "भगवानशेठला आमदार करू, म्हण."

पदूने आईकडे पाहिलं. बनूबाई दगडासारख्या उभ्या होत्या. पदू पुटपुटला, "भगवानशेठला आमदार करू." बुवांनी घंटा वाजवली, आणि नदीपलीकडून एक कावळा आला. मग दुसरा. मग पिंड दिसेनासे झाले, इतके आले.

घाटावर एकच जयजयकार झाला. भगवानशेठने रुमालाने डोळे पुसले. डोळे कोरडे होते, हे मी जवळून पाहिलं.

आता यात मेख काय होती ते सांगते. नाथाकाकांनी उभ्या जन्मात एकाच माणसाशी वैर धरलं होतं, ते याच भगवानशेठशी. शेठचे टँकर चालत. कुठूनकुठून घाण पाणी भरायचं आणि गावामागच्या ओढ्यात सोडायचं, हा धंदा. एकदा नाथाकाका टँकरपुढे आडवे झोपले होते, आणि शेठ स्वतः गाडीत बसून बघत होते. हे दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं, फक्त काकांना भाकरी घेऊन गेलेल्या बनूबाईंनी. निवडणुकीआधी मारुतीच्या पारावर शेठची प्रचारसभा होणार होती. तिथे उभं राहून सगळ्यांसमोर हे बोलायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. काका गेले, तरी मी बोलणारच, असं बनूबाई मला दहाव्याच्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

दहाव्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

रोज दुपारी माजघराच्या खिडकीत एक कावळा येऊन बसायचा. मान वाकडी करून आत बघायचा. बनूबाई त्याला ताटातलं अर्धं द्यायच्या आणि उरलेलं अर्धं तसंच टाकून उठायच्या. अंगावरचं मांस झडत चाललं होतं. एकदा मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, बघतो ना कसा? विचारतो, तू सभेत काय बोलणार हायस?"

"मावशी, तो कावळा आहे."

"मना पन आधी तसंच वाटलं. पन मंग शिवला कसा? त्याच नावाला कसा शिवला?" "मंग त्यो टँकरफुडं झोपला तो कोन व्हता? माज्यासंगं जेवला, निजला तो कोन व्हता? मी वळखलाच नाय का माजा नवरा?"

खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि त्या खिडकीकडे पाठ करून बसायला भीतीही वाटत होती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला भीती वाटू नये असा काही नियम नाही.

इकडे गावोगावचं वारं फिरलं. पंचक्रोशीतले सगळे दहावे त्याच घाटावर होतात. त्या हंगामात जो जो मेला, तो तो भगवानशेठचा प्रचारक झाला. जन्मात कधी मतदानाला न गेलेले म्हातारे मेल्यावर शेठच्या चिन्हावर अडून बसले. एका म्हातारीच्या दहाव्याला तर बुवांनी कळवलं, की आजीची इच्छा आहे शेठ मंत्री व्हावेत, नुसती आमदारकी चालणार नाही. कुणी विचारलं नाही की शेठने आजवर गावासाठी काय केलं. पितरांनी पसंत केलेला माणूस पारखणारे आपण कोण? आणि मत दिलं नाही, तर बाप अधांतरी लटकत राहील, ही धास्ती वेगळीच.

उलगडा शाळेत झाला. एका दुपारी कोणीतरी मोठा माणूस वारल्याची खबर आली आणि मुख्याध्यापकांनी शाळा सोडायला सांगितलं. शिपायाने सवयीने मधल्या सुट्टीची घंटा दिली. मुलं दप्तरं घेऊन थेट घरी पळाली, एकानेही डबा उघडला नाही. आणि तरी कुंपणाच्या भिंतीवर कावळे येऊन ओळीने बसले. रोज त्या घंटेमागून पोळीचे तुकडे मिळतात, म्हणून आले. रिकाम्या मैदानाकडे बघत वाट पाहत राहिले. मी व्हरांड्यात खिळून उभी राहिले. बाळाजीबुवांच्या हातात घंटा होती!

पण मग घंटेआधी ते का येत नव्हते? भात समोर दिसत असताना कावळा घंटेची वाट बघत नाही. हा विचार करत घरी निघाले, आणि बनूबाईंच्या वालाच्या वाफ्याशी थबकले. वाफ्यात काठी रोवलेली होती. काठीला मेलेला कावळा उलटा टांगलेला होता. पेरलेलं उकरू नये म्हणून आमच्याकडे सगळेच शेतकरी टांगतात. मेलेला भाईबंद दिसला की कावळे आधी जमून कालवा करतात आणि मग त्या जागेकडे फिरकत नाहीत. हे मी किती वेळा पाहिलं होतं, आणि गावात तर पोराटोरांना ठाऊक होतं.

उजाडताना झालेला कालवा, आणि मग ती शांतता. मला रस्त्यातच हसू आलं आणि लगेच संतापाने कान तापले.

चार दिवसांनी शेजारच्या वाडीतल्या भीमा म्हाताऱ्याचा दहावा होता. मी बनूबाईंना म्हटलं, "मावशी, माझ्याबरोबर चला." त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना आणि पदूला घेऊन गेले.

तोच घाट, तीच शांतता. भीमाचा मुलगा देऊ हात जोडून, रडत एकेक वचन देत होता. सगळ्यांच्या नजरा पिंडावर. दहाव्याला मान वर करून झाडात कोण बघतो? मी बघितलं. आणि जाणूनबुजून बघितलं असूनही दचकले. करंजाच्या शेंड्याजवळ, खालून पानांनी झाकलेला, पण आभाळातून लख्ख दिसेल असा एक कावळा उलटा लटकत होता. पंख पसरलेले. वाऱ्याने सावकाश फिरत होता. त्याच्या पायाची बारीक दोरी बुंध्यामागे उतरली होती, आणि तिथे बुवांचा सफारी घातलेला चेला बिडी ओढत उभा होता. घंटेच्या वेळी दोरी हळूच सोडून कावळा दाट पानांत उतरवायचं काम त्याचं.

बुवा घुमायला लागले. "आत्मा अटक गया..."

"पदू," मी मोठ्याने म्हटलं, "वर बघ."

पदूने वर बघितलं. मग देऊने. मग सगळ्या घाटाने माना वर केल्या. एक म्हातारी देवाचं नाव घेत मागे सरली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आयला, ह्यो तर आपन वाफ्यात लावतो तसा!"

"तो पितरांचा रक्षक आहे! हात लावाल तर निर्वंश होईल!" बुवा ओरडले. पण तोवर चेला दोरी सोडून नदीकडे पळाला होता, आणि सुटलेल्या दोरीसरशी पितरांचा रक्षक धपकन बुवांच्या पायाशी पडला. वास इतका होता की बुवांनीच नाक धरलं. पदूने तो फडक्यात गुंडाळून दूर नेला.

मी बुवांच्या हातातली घंटा काढून घेतली. देऊला विचारलं, "देऊदादा, तुमची परवानगी असेल तर वाजवते. काहीही वचन देणार नाही. नुसती वाजवते." त्याने डोळे पुसत मान हलवली.

घंटा वाजवली. काहीच झालं नाही. पलीकडचा काठ रिकामा होता. मागे कोणीतरी खाकरलं. आणि मग बाभळीवरून एक काळा ठिपका उठला. एक कावळा आला, दगडावर बसला, इकडेतिकडे बघून त्याने भाताला चोच लावली. पाठोपाठ सगळे उतरले. आमदार कोण होणार, याची त्यांना काही पडलेली नव्हती.

धुणं धुणाऱ्या बायकांपैकी कौसाबाई पुढे आल्या. "तरीच! तो सफारीवाला रोज घंटा वाजवून सुकटीचा चुरा टाकायचा हितं. आमी म्हनायचो, केवढा दयाळू मानूस!"

देऊ बुवांसमोर जाऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "माझ्या बापाच्या नावाने रडत होतो मी. तेवढं तरी खरं राहू द्यायचं." बुवांची मान खाली गेली. घाटाच्या वर उभी असलेली शेठची पांढरी गाडी केव्हाच वळून निघून गेली होती.

परतताना वालाच्या वाफ्याशी आल्यावर बनूबाई थांबल्या. "मंग बाई, त्यांची खरी इच्छा काय व्हती?"

"ते मी कसं सांगू, मावशी? तुम्ही सांगा. संसार तुम्ही केलात. कावळ्याने नाही."

त्यांनी काठीवरच्या कावळ्याकडे पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडल्या. काका गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

सभेच्या दिवशी पारासमोर तोबा गर्दी होती. भगवानशेठ हार घालून बसले होते. बनूबाई उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "शेठ, तुमचा टँकर वढ्यात रिकामा व्हताना मी पायला. तुमी गाडीत बसला व्हता. माजा मालक फुडं झोपला व्हता, तरी तुमी डायवरला म्हनला, चल. डायवरला लाज वाटली, तुमाला नाय वाटली. खरं का खोटं?"

शेठ हसले. "मावशी, जुनं जाऊ द्या. नाथाकाका परवाच माझ्या स्वप्नात आले, म्हणाले..."

"जितेपनी तुमच्या दारात नाय आला," बनूबाई म्हणाल्या, "तो मेल्यावर तुमच्या सपनात कशाला येतोय?"

आधी बायका हसल्या, मग सगळा पार हसला. मग कोणीतरी ओरडलं, "उत्तर द्या!" आणि हसणं थांबलं. शेठनी त्या दिवसापर्यंत उत्तर तयारच ठेवलं नव्हतं, कारण कुणी प्रश्न विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

निवडणुकीत भगवानशेठ पडले. आमच्या गावाने पाडलं की दुसऱ्या कुणी, ते मला ठाऊक नाही, आणि ते तितकं महत्त्वाचंही नाही. पुढच्या वेळी दुसरा शेठ येईल आणि दुसरा बुवा आणील. तेव्हा कावळा नसेल, दुसरं काही असेल. म्हणून सांगते. ज्याला तुमच्या वतीने राज्य चालवायचं आहे, त्याला मेलेल्यांची शिफारस लागत असेल, तर जिवंत माणसांत त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं कोणी नाही, असं खुशाल समजा. त्याने काय केलं ते विचारा. कुणाचं पाणी नासवलं ते विचारा. आणि सगळे मान खाली घालून उभे असतील तेव्हा, भीती वाटली तरी, एकदा वर बघा.

तो कावळा अजून दुपारी खिडकीत येतो. बनूबाई त्याला भाकरीचा तुकडा टाकतात आणि म्हणतात, "खा रे, मेल्या." आणि मग स्वतःचं ताट पुढे ओढून पोटभर जेवतात.