हिलोमचं पान

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही आहे. जन्म पुण्याचा, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर पाढे; नोकरी मात्र कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये.

डॉक्टर आश्लेषाताईंनी मला वॉर्डात ठेवलं. तिथल्या बऱ्याच नर्स फिलिपिन्सच्या, आणि त्यांच्या भाषा ढीगभर. एखाद्या फिलिपिनो पेशंटच्या तोंडून तिकडचा शब्द आला, की नर्सने त्याचा अर्थ माझ्यात लिहायचा. खाली स्वतःचं नाव आणि गाव. पेशंटचं नाव मात्र कधीच नाही, हा ताईंचा कडक नियम.

एका पानावर 'हिलोम' हा शब्द आहे. मनिलाच्या लुझने तिथे लिहिलं, 'जखम भरून येणे'. पुढे सेबू बेटावरच्या नर्स मारिसेलची आई तेरेसिता लेकीकडे आली असताना वॉर्डात डोकावली. तिने थरथरत्या अक्षरात खाली लिहिलं, 'शांत, गप्प'. ताईंना दिसेल ते सुधारायची खोड! त्यांनी न विचारता त्या ओळीवर लाल काट मारली. मारिसेलने मला मिटून ठेवलं. मला मात्र फार लागलं.

वर्षं गेली. सगळे फोनवर शब्द शोधू लागले, मी कपाटात धूळ खात पडले. तेरेसिताही वारली. मग वॉर्ड हलवताना कुणीतरी मला कुलूपबंद पेटीत टाकलं. त्या पेटीतल्या कागदांचा भुगा करतात, मित्रांनो! माझी तर पाचावर धारण बसली.

हे कळताच मारिसेल रडतच ताईंकडे गेली. आईचं अक्षर तिच्याजवळ तेवढंच होतं. ताई धावत रेकॉर्ड विभागातल्या शशिधरकाकांकडे आल्या.

"अहो शशिधर, भुग्याच्या कागदांचा बिन अजून गेला नाही ना? एक वही हवीय."

"डॉक्टर, हे कॉन्फिडेन्शियल वेस्ट आहे. पेशंटचं एक जरी नाव निघालं, तर आय कान्ट गिव्ह इट बॅक."

"बघा ना तुम्ही. प्लीज."

काकांनी कुलूप काढलं, चष्मा लावला आणि माझं पान न् पान तपासलं. मारिसेल दाराशी उभी होती.

"पेशंटचं एकही नाव नाही. घेऊन जा."

माझा जीव भांड्यात पडला. मारिसेलने मला छातीशी धरलं आणि हिलोमचं पान उघडलं. लाल काट पाहून ताई खजील झाल्या. सेबूच्या भाषेत हिलोम म्हणजे 'शांत'च, हे त्या आता मारिसेलकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी पेन काढून खाली लिहिलं, 'तेरेसिता, सेबू. अर्थ बरोबर. चूक माझी. आश्लेषा.'

मित्रांनो, जुनी वही टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि दुसऱ्याचं लिहिलेलं खोडण्याआधी त्याला विचारा तरी. मी आता मारिसेलच्या घरी असते, तिच्या आईच्या फोटोशेजारी.