बरडातली विहीर

डोंगर पाहायला जायचं तर आधी मरणाची तयारी करावी लागते, हे मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं.

शहात्तर सालची गोष्ट. आमचा थोरला, इंद्रभान, देहरादूनला सरकारी कचेरीत कारकून लागला होता. त्याचं पत्र आलं की उन्हाळ्यात पंधरा दिवस या, तुम्हाला बर्फाचे डोंगर दाखवतो. सोबत दहा मेची तिकिटं. मी तोवर जऊळक्याच्या टेशनावरून अकोल्याच्या पुढे कधी गेले नव्हते. त्याच दिवशी मी पत्र्याची पेटी खाली काढली, पुसली, उन्हात ठेवली. आणि आमचे हे, उकंडराव, काय म्हणाले? "आधी मृत्युपत्र करतो."

"डोंगर पाह्यले चाल्लो का मसनात?" मी विचारलं.

"घाटाचा रस्ता असते. गाडी खाली गेली तं मांगं पोरांचे भांडनं नको."

ह्यांना एकदा नीटनेटकेपणाचा झटका आला की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. गेले पटवाऱ्याकडे सातबारा काढायला. भर दुपारी परत आले ते ओसरीवर बसून राहिले. मी दिलेलं पाणीही तसंच.

"काय झालं?"

"बाराही एकर माह्या एकट्याच्या नावावर हाय."

मीही ह्यांच्या शेजारी बसले. छप्पन्न साली, आम्ही दीक्षा घेतली त्याच वर्षी, सासरे वारले. मग ह्यांची आणि धाकट्या ग्यानबाची वाटणी शेतातच पाच माणसांसमोर झाली. आमच्याकडे थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. ह्यांनी नाल्याकाठची चार एकर काळी एकीकडे ठेवली, आठ एकर बरड दुसरीकडे. काळीत विहीर, बरडात नुसते दगड. ग्यानबानं बरड उचलली. आठचा आकडा पाहून भुलला बिचारा, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. मधल्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, दगड रोवले, सगळ्यांनी गूळ खाल्ला, वाटणी संपली. कागदाचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. दप्तरात थोरल्याचं नाव लागलं ते लागलंच.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगून टाकते, लपवून काय करू? आम्हाला तीन पोरं. ग्यानबाला एकच लेक, तीही आसेगावला दिलेली. मी म्हटलं, "चुप बसा. आल्यावर पाहू."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् नाई आलो तं?"

नाही आलो तर बारा एकर माझ्या पोरांची, आणि ग्यानबा स्वतःच्या शेतात उपरा. हे मलाही कळत होतंच. कळत होतं म्हणूनच तर चुप बसा म्हटलं होतं. ह्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि बरडाकडे निघाले. मीही मागोमाग गेले, न जाणो काय कबूल करून बसतील.

ग्यानबा आणि माझी जाऊ गंगू पेरणीआधीचे दगड वेचत होते. टोपलं भरायचं, धुऱ्यावर रिकामं करायचं. वीस वर्षं दोघं हेच करत होते, आणि तो धुरा आता माझ्या कंबरेइतका उंच झाला होता. त्या दिवसाआधी मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. ग्यानबानं हातातला दगड टोपल्यात ठेवला.

"मले मालूम हाय, दादा."

"कवापासून?"

"चार वर्सं झाले. विहिरीचा अर्ज द्याले गेलतो. पटवारी म्हने, तुह्या नावावर गुंठाभरही नाई, तुले विहीर कशी भेटन?"

गावात तेव्हा चार-पाच जणांनी सरकारी मंजुरीनं विहिरी खणल्या होत्या. ग्यानबानं खणली नाही. तो आळशी आहे, असं मी पाणवठ्यावर, लग्नात, गंगूच्या तोंडावरसुद्धा बोलले होते. गंगू तेव्हा मान खाली घालून घागर भरायची. तिलाही माहीत होतं.

"काहून नाई सांगतलं?" हे ओरडलेच.

"कायले? सांगतलं असतं तं तुले वाटलं असतं, भाऊ भरवसा ठेवत नाई. जमीन मी वाहून राह्यलो ना? तू कधी धुरा वलांडला का?"

"अन् मी मेलो असतो तं?"

ग्यानबानं माझ्याकडे पाहिलं. "वयनी हाय ना," म्हणाला.

दोन तासांपूर्वी मी ओसरीवर काय म्हटलं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ह्यांना ठाऊक असून ह्यांनी ते सांगितलं नाही. वयात मी मोठी, नात्यानं आईच्या जागी. धाकट्या दिराच्या पाया पडता येत नाही. नाहीतर त्या दगडांतच मी डोकं टेकवलं असतं. एवढं मोठं मन इतकी वर्षं माझ्या शेजारी दगड वेचत होतं आणि मी त्याला आळशी म्हणत होते. मला धड रडूही येईना.

ग्यानबाला बरड का उचललीस, हे मी त्या दिवशी विचारलं. तो हसला. "तुमाले तवा दोन लेकरं होते, तिसरं पोटात. मले कोन होतं?"

वाशीमच्या तहसिलात वाटणीच्या कागदासाठी बारा मे तारीख मिळाली, दोघा भावांनी समक्ष हजर राहायचं. ग्यानबा म्हणाला, "तुमी जाऊन या. चार वर्सं थांबलो, आनखी पंधरा दिवसांनं काय होते?"

"नाई," मी म्हटलं. "आधी कागद."

दहा तारखेची गाडी आमच्याशिवाय गेली. बारा तारखेला गंगू आणि मी तहसिलाच्या लिंबाखाली बसलो होतो. आत ग्यानबानं अंगठा उठवला आणि बाहेर आला तो शाईचा अंगठा आमच्यापुढे धरून. गंगूनं पदरानं तो पुसला. मग शिदोरीतली भाकर मोडून आधी मला दिली.

डोंगर आम्ही पुढच्या उन्हाळ्यात पाहिले. मसुरीच्या वरच्या वळणावर इंद्रभाननं हात धरून उभं केलं. समोर आभाळात अर्ध्यावर पांढरे डोंगर उभे. आजूबाजूची माणसं बोटं दाखवायला लागली, मी नुसतं पाहत राहिले. ह्यांनी हळूच विचारलं, "काय पाहून राह्यली एवढं?"

"बरडातल्या विहिरीले पानी लागलं असंन का हो?" मी म्हटलं.